दुसऱ्या खुर्चीचा मान
शहापूर-मुरबाड परिसरातील उपाध्यक्षपदाचा ऐतिहासिक मागोवा

संस्थेच्या पन्नास वर्षांचा आढावा घेऊ लागले की प्रथम डोळ्यांसमोर येतात ती संस्थापकांची आणि अध्यक्षांची नावे. प्रवेशद्वाराजवळील संगमरवरी फलकावर ती ठळक अक्षरांत कोरलेली असतात. त्यांच्या खालच्या ओळीत, काहीशा लहान अक्षरांत, उपाध्यक्षांचे नाव असते. दर्शनाला येणारा भाविक पहिली ओळ वाचतो आणि पुढे जातो. दुसरी ओळ वाचली जातेच असे नाही. तथापि संस्था चालविण्याचा ज्यांना अनुभव आहे, त्या सर्वांना एक गोष्ट ठाऊक असते. अध्यक्ष परगावी असताना आलेली अडचण, दोन विश्वस्तांमधील अबोला, अध्यक्षांच्या अकस्मात निधनानंतरचे पहिले काही दिवस, अशा प्रसंगी संस्थेचा भार त्या दुसऱ्या ओळीतील व्यक्तीनेच वाहिलेला असतो.

हे पद आले कोठून? कायद्याने त्याला काय दिले आणि काय दिले नाही? शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत गेल्या सुमारे एकशे चाळीस वर्षांत त्याची वाटचाल कशी झाली? सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या प्रश्नांचा विचार करणे उचित ठरेल, कारण पन्नाशी गाठलेल्या प्रत्येक संस्थेपुढे पुढील पिढीच्या हाती कारभार कसा सोपवावा हा प्रश्न उभा असतोच आणि त्याचे उत्तर बहुधा याच खुर्चीपासून सुरू होते.

परंपरेतील दुसरे स्थान

जैन समाजाला दुसऱ्या स्थानाचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. पंचपरमेष्ठींच्या क्रमात आचार्यांनंतर उपाध्याय येतात. संघाचे अनुशासन आचार्यांकडे, तर शास्त्राचे अध्ययन-अध्यापन उपाध्यायांकडे अशी ही व्यवस्था आहे. अरिहंतांचे १२, सिद्धांचे ८, आचार्यांचे ३६, उपाध्यायांचे २५ आणि साधूंचे २७ असे १०८ गुण परंपरेने मानले जातात व जपमाळेच्या १०८ मण्यांचा संबंध त्यांच्याशी जोडला जातो. त्यांतील २५ मणी बाजूला काढले तर माळ पुरी होत नाही. नवपदाच्या ओळीत चौथा दिवस उपाध्याय पदाचा असतो. त्या पदाचा वर्ण हिरवा, म्हणून एकाच धान्याचे आयंबिल करणारे आराधक त्या दिवशी मूग घेतात. आचार्यपदाचा तिसरा दिवस आणि उपाध्यायपदाचा चौथा दिवस या दोहोंच्या आराधनेत अधिक-उणे असे काही मानले जात नाही.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की उपाध्याय म्हणजे आचार्यांच्या गैरहजेरीत त्यांच्या जागी बसणारी व्यक्ती नव्हे. उपाध्यायांना स्वतःचे नेमून दिलेले कार्य आहे. हे कार्य नसते तर ते पद केवळ प्रतीक्षेचे पद झाले असते. पुढील सर्व इतिहासात हाच भेद पुन्हा पुन्हा समोर येतो.

मराठा राज्यव्यवस्थेतही दुसऱ्या माणसाची योजना होती. अष्टप्रधानांतील बहुतेकांना मोहिमांवर जावे लागे. अशा वेळी त्यांच्या खात्याचा कारभार पाहण्यासाठी ‘मुतालिक’ नेमलेला असे. धन्याच्या वतीने पत्रव्यवहार करण्याचा व शिक्का वापरण्याचा अधिकार मुतालिकाकडे असे. मुतालिकाचा अधिकार धन्याकडून आलेला असे, स्वतंत्र नसे. त्यामुळे मुतालिक विश्वासू असला की खाते सुरळीत चाले आणि धन्याचे लक्ष उडाले की मुतालिकच धनी होऊन बसण्याचा धोका असे. उपाध्याय आणि मुतालिक ही दुसऱ्या स्थानाची दोन निरनिराळी रूपे आहेत. आधुनिक काळातील ‘उपाध्यक्ष’ या पदात दोहोंचे अंश उतरलेले दिसतात.

लोकल बोर्डाचा काळ

इंग्रजी अमलात ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील हे दोन तालुके भाताचे, गवताचे आणि जंगलाचे म्हणून ओळखले जात. कल्याणपासून वासिंदपर्यंत रेल्वे १८५५ मध्ये आली आणि १८६१ पर्यंत ती कसाऱ्याला पोहोचली. शहापूर तालुक्याला त्यामुळे आसनगाव, आटगाव, खर्डी अशी स्थानके लाभली. मुरबाडला मात्र रेल्वे नव्हती. तेथील व्यापार कल्याणच्या आणि माळशेज घाटाच्या रस्त्यावर अवलंबून राहिला. रस्ते, धर्मशाळा, विहिरी आणि शाळा ही या भागाची पहिली गरज होती.

या गरजांसाठी मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल करण्याची पद्धत १८६३ च्या सुमारास सुरू झाली आणि १८६९ च्या कायद्याने तिला पक्का आधार मिळाला. जमलेल्या रकमेपैकी दोन तृतीयांश भाग रस्ते आदी बांधकामांकडे आणि एक तृतीयांश भाग शिक्षणाकडे जाई. पैसा शेतकऱ्यांचा, परंतु खर्च ठरविणाऱ्या समितीच्या अग्रस्थानी कलेक्टर असे.

१८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्याविषयीचा प्रसिद्ध ठराव केला. शक्य असेल तेथे स्थानिक मंडळांचे अध्यक्ष बिगरसरकारी असावेत, अशी अपेक्षा त्यात व्यक्त केली होती. त्यानुसार मुंबई सरकारने १८८४ मध्ये लोकल बोर्डाचा कायदा केला आणि जिल्हा लोकल बोर्ड व तालुका लोकल बोर्ड अशी दुहेरी रचना अस्तित्वात आली. परंतु अध्यक्षपद सरकारने हातचे सोडले नाही. जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष कलेक्टर आणि तालुका बोर्डाचे अध्यक्ष प्रांताधिकारी हीच रीत पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. सभासदांच्या निवडीसाठी उरले ते उपाध्यक्षपद.

या एका तरतुदीचा परिणाम फार दूरवर झाला. पहिली खुर्ची सरकारी अधिकाऱ्याची असल्यामुळे, लोकांमधून आलेल्या माणसाला जास्तीत जास्त पोहोचता येई ते दुसऱ्या खुर्चीपर्यंत. अध्यक्ष असलेल्या अधिकाऱ्याकडे संपूर्ण प्रांताचा महसूल, फौजदारी काम आणि दौरे असत. कोणत्या गावची विहीर आटली आहे, कोणत्या नाल्यावरील मोरी वाहून गेली आहे, कोणत्या गावात शाळेला जागा मिळत नाही, ही माहिती स्थानिक सभासदांकडेच असे. म्हणून स्वराज्याची पहिली शाळा या दुसऱ्या खुर्चीवर भरली, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. सभा कशी चालवावी, ठराव कसा मांडावा, हिशेबावर शंका कशी घ्यावी, अधिकाऱ्यापुढे नम्रपणे पण ठामपणे मत कसे नोंदवावे, हे ग्रामीण भागातील अनेकांनी तेथेच शिकून घेतले.

हीच रीत देशाच्या विधिमंडळातही दिसून येते. १९२१ मध्ये दिल्लीत मध्यवर्ती विधिसभा स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष सर फ्रेडरिक व्हाइट हे सरकारनियुक्त होते. उपाध्यक्षपद मात्र निवडणुकीचे होते आणि ते सच्चिदानंद सिन्हा यांच्याकडे आले. विठ्ठलभाई पटेल हे निवडून आलेले पहिले अध्यक्ष झाले ते १९२५ मध्ये. दिल्लीची विधिसभा असो वा एखाद्या तालुक्याचे लोकल बोर्ड, भारतीय माणूस अध्यक्षपदापर्यंत पोहोचला तो उपाध्यक्षपदाच्या वाटेने.

१९२३ च्या नव्या कायद्याने लोकल बोर्डांचे स्वरूप अधिक लोकाभिमुख झाले. अध्यक्ष सभासदांमधून निवडला जाऊ लागला आणि उपाध्यक्षपदाचा अर्थ बदलला. तोपर्यंत उपाध्यक्ष हे लोकांचे प्रतिनिधी आणि अध्यक्ष हे सरकारचे प्रतिनिधी होते. आता दोघेही लोकांचेच झाले. उपाध्यक्षांनी अध्यक्षांच्या गैरहजेरीत सभा चालवावी, अध्यक्षांनी सोपविलेले काम करावे आणि अध्यक्षपद रिक्त असताना किंवा अध्यक्ष रजेवर असताना त्यांचे सर्व अधिकार वापरावेत, असे त्यांचे कार्य ठरले. १९३८ मध्ये तालुका लोकल बोर्डे रद्द करण्यात आली. शहापूर-मुरबाडच्या रहिवाशांना रस्त्यासाठी आणि शाळेसाठी पुन्हा ठाण्याकडे पाहणे भाग पडले.

सिद्धगडावरील स्मरण

या परिसराच्या इतिहासात एका उपाध्यक्षाचे नाव अढळ झालेले आहे, पण ते उपाध्यक्ष होते हे फारसे कोणाच्या स्मरणात नाही. हुतात्मा भाई कोतवाल, म्हणजेच विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे झाला. साध्या नाभिक कुटुंबातील हा मुलगा वकील झाला आणि माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्षही झाला. वकिलीत पैसा मिळविण्याऐवजी त्यांनी डोंगरपट्ट्यातील शेतकऱ्यांचे आणि आदिवासींचे प्रश्न हाती घेतले. खेडोपाडी शाळा काढल्या. गरजू शेतकऱ्याला बियाण्यासाठी आणि पोटासाठी कर्जाच्या फेऱ्यात सापडावे लागू नये म्हणून धान्यकोठीची कल्पना प्रत्यक्षात आणली.

१९४२ च्या आंदोलनात त्यांनी भूमिगत होऊन आझाद दस्ता उभारला. मुंबईच्या कारखान्यांना वीज पुरविणाऱ्या तारांचे मनोरे या दस्त्याने पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात पोलिसांशी झालेल्या चकमकीत भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना वीरमरण आले. त्या वेळी कोतवालांचे वय अवघे तीस वर्षांचे होते. दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर त्यांना मानवंदना दिली जाते.

अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या वाचकांना त्यांच्या मार्गाविषयी स्वतंत्र विचार करता येईल. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यांचे त्यापूर्वीचे कार्य. शाळा आणि धान्यकोठी या दोन्ही गोष्टी नगरपालिकेच्या उपाध्यक्षाच्या कर्तव्यात कोठेही लिहिलेल्या नव्हत्या. पदामुळे लोकांशी जो संबंध आला, त्याचा उपयोग त्यांनी पद वाढविण्यासाठी न करता लोकांची गरज भागविण्यासाठी केला. त्यांना अध्यक्षपद मिळाले की नाही, हे आज कोणी विचारीत नाही. व्यापार-व्यवहारात पिढ्यान् पिढ्या असलेल्या समाजाने त्यांच्या धान्यकोठीची आठवण विशेष ठेवावी. ज्या गावांत आपली दुकाने आणि गोदामे उभी राहिली, त्याच परिसरातील गरिबाच्या घरची चूल हा त्या उपाध्यक्षाच्या चिंतेचा विषय होता.

पंचायत समितीचा उपसभापती

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली व तिच्या शिफारशींच्या आधारे महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ तयार झाला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. जुने जिल्हा लोकल बोर्ड इतिहासजमा झाले. १९३८ मध्ये तालुक्याच्या ठिकाणाहून गेलेली सत्ता पंचायत समितीच्या रूपाने शहापूर आणि मुरबाड येथे परत आली. जिल्ह्याला अध्यक्ष आणि उपाध्यक्ष, तालुक्याला सभापती आणि उपसभापती, गावाला सरपंच आणि उपसरपंच अशी जोड्यांची रचना तिन्ही पातळ्यांवर रूढ झाली.

उपसभापतींचे अधिकार कायद्याने मोजक्या शब्दांत सांगितले आहेत. सभापती नसताना सभेचे अध्यक्षस्थान स्वीकारणे, सभापतींनी लेखी सोपविलेले अधिकार वापरणे आणि सभापतिपद रिकामे असताना किंवा सभापती रजेवर असताना त्यांचे कार्य पार पाडणे, एवढाच त्यांचा आवाका आहे. लोकल बोर्डाच्या काळातील भाषाच येथे पुढे चालू राहिल्याचे दिसते. यातील ‘लेखी’ हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. तोंडी सांगितलेले काम हे मैत्रीचे काम असते, लेखी सोपविलेले काम हे जबाबदारीचे काम असते.

या पदांचे एकमेकांशी असलेले नाते राजीनाम्याच्या तरतुदीत फार सुंदर रीतीने व्यक्त झाले आहे. उपसरपंचाने राजीनामा द्यायचा तो सरपंचाकडे. लोकसभेत तर हे नाते परस्परांचे आहे. अध्यक्षांनी आपला राजीनामा उपाध्यक्षांच्या नावे लिहायचा आणि उपाध्यक्षांनी अध्यक्षांच्या नावे, असे राज्यघटनेच्या ९४ व्या अनुच्छेदात म्हटले आहे. आपण जाणार असू तर सर्वप्रथम कोणाला सांगावे, याचे उत्तर घटनेने असे देऊन ठेवले आहे.

राखीव खुर्ची आणि खुली खुर्ची

विसाव्या शतकाच्या अखेरीस या दोन तालुक्यांत उपसभापतिपदाला एक नवे वळण मिळाले. त्याची पार्श्वभूमी समजून घेणे आवश्यक आहे. राष्ट्रपतींच्या १९८५ च्या आदेशानुसार शहापूर हा संपूर्ण तालुका अनुसूचित क्षेत्रात समाविष्ट आहे. मुरबाड तालुक्यातील ७७ गावे तेवढी त्या क्षेत्रात येतात. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायत संस्थांमधील अध्यक्षपदे अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि महिला यांच्यासाठी राखून ठेवण्याची व्यवस्था केली. १९९६ मध्ये अनुसूचित क्षेत्रांसाठी ‘पेसा’ कायदा आला. त्यानुसार या क्षेत्रातील पंचायत संस्थांची अध्यक्षपदे अनुसूचित जमातींसाठी राखीव झाली. परिणामी शहापूर पंचायत समितीचे सभापतिपद आदिवासी समाजाकडे राहते, तर मुरबाडमध्ये ते आरक्षणाच्या आळीपाळीने फिरते.

हे आरक्षण पहिल्या खुर्चीपुरते आहे. दुसरी खुर्ची खुली राहिली. ठाकूर, वारली, कातकरी, महादेव कोळी या समाजांतील व्यक्तीला पिढ्यान् पिढ्या ज्या कचेरीच्या पायरीपाशी ताटकळावे लागले, त्याच कचेरीत तिला अग्रस्थान मिळाले, ही सामाजिक न्यायाची मोठी घटना होय. परंतु त्याबरोबर दुसऱ्या खुर्चीवर एक सूक्ष्म कसोटीही आली. कागदपत्रांचा सराव असलेला, बोलण्यात तरबेज असलेला, बाजारपेठेत ओळखी असलेला माणूस दुसऱ्या जागी बसला, तर तो काय करील? नव्या अध्यक्षाला नियम समजावून सांगून त्याला समर्थ करील, की ‘सही तुमची, कारभार माझा’ अशी वाटणी करून घेईल?

राज्यात इतरत्र महिला सरपंचांच्या बाबतीतही हाच प्रश्न निर्माण झाला. खुर्चीवर पत्नी आणि कारभारात पती असे चित्र अनेक गावांनी पाहिले. जेथे दुसऱ्या माणसाने शिकविण्याची भूमिका घेतली, तेथे दोन-तीन वर्षांत तीच महिला स्वतः अंदाजपत्रक वाचू लागली. जेथे त्याने चालविण्याची भूमिका घेतली, तेथे मुदत संपली तरी ती सहीपुरतीच राहिली. उपाध्याय आणि मुतालिक यांच्यातील जो भेद आरंभी सांगितला, तो येथे प्रत्यक्ष व्यवहारात उतरलेला दिसतो. शिकविणारा दुसरा माणूस पहिल्याला मोठे करतो. परस्पर कारभार हाती घेणारा दुसरा माणूस पहिल्याची जागा रिकामी नसतानाही ती रिकामी करून टाकतो.

विश्वस्त संस्थांमधील उपाध्यक्ष

आता धार्मिक व सार्वजनिक न्यासांकडे वळू. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० मध्ये झाला. २०१२ मध्ये त्याच्या नावातील ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आले. मंदिरे, उपाश्रय, पांजरपोळ, धर्मशाळा, शिक्षणनिधी अशा सर्व सार्वजनिक न्यासांची नोंदणी आणि देखरेख याच कायद्याखाली होते. या कायद्यात विश्वस्त आहे, व्यवस्थापक विश्वस्त आहे, परंतु अध्यक्षांच्या गैरहजेरीत कारभार पाहणारा अधिकारी म्हणून उपाध्यक्षाचे पद कायद्याने निर्माण केलेले नाही. ते पद संस्थेने स्वतःच्या घटनेत निर्माण केलेले असते. पंचायत समितीच्या उपसभापतीला विधिमंडळाने अधिकार दिले आहेत, तर न्यासाच्या उपाध्यक्षाला, अर्थात पूर्वीच्या भाषेत ‘उपप्रमुखा’ला, ते संस्थेच्या घटनेने दिले तरच मिळतात.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की घटनेत उपाध्यक्षाचे काम स्पष्ट लिहिलेले नसेल तर अडचणीच्या दिवशी वाद उद्भवतो. अध्यक्ष दीर्घकाळ आजारी असताना बँकेच्या धनादेशावर सही कोणी करावी, सर्वसाधारण सभा कोणी बोलवावी, चातुर्मासासाठी साधू-साध्वींना विनंती करण्याचा निर्णय कोणाच्या अध्यक्षतेखाली घ्यावा, हे प्रश्न शांततेच्या काळात क्षुल्लक वाटतात. परंतु अनेक संस्थांमध्ये वर्षानुवर्षांचे स्नेहसंबंध नेमक्या अशाच प्रश्नांवरून दुरावले आहेत.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. विश्वस्त म्हणून सर्वांची जबाबदारी सारखी असते. देवद्रव्याची गुंतवणूक असो, स्थावर मिळकतीच्या विक्रीसाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी असो वा हिशेबतपासणी असो, ‘निर्णय अध्यक्षांचा होता, मी केवळ उपाध्यक्ष होतो’ हे उत्तर विश्वस्ताला देता येत नाही. मानाच्या क्रमात दुसरा असलेला मनुष्य उत्तरदायित्वाच्या क्रमात दुसरा नसतो. विश्वस्तमंडळात बदल झाल्यास ९० दिवसांच्या आत बदल-अर्ज दाखल करावा लागतो. या साध्या बाबीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे दिवंगत विश्वस्तांची नावे नोंदवहीत वर्षानुवर्षे तशीच राहिल्याची आणि त्यामुळे मिळकतीचे व्यवहार अडल्याची प्रकरणे धर्मादाय कार्यालयांत नेहमीची आहेत. हे काम स्वतःकडे घेणारा एक जागरूक उपाध्यक्ष संस्थेचे मोठे संकट टाळू शकतो आणि त्याचे श्रेय कोणी त्याला देतही नाही, कारण टळलेले संकट कोणाला दिसत नाही.

याच पन्नास वर्षांत या भागाचा चेहराही बदलला. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. शहापूर आणि मुरबाड ठाण्यातच राहिले. महामार्गालगत वस्ती वाढली. आसनगावजवळील मानस मंदिर तीर्थामुळे दूरदूरचे यात्रेकरू शहापूरला येऊ लागले. अनेक कुटुंबांची पुढची पिढी शिक्षण-व्यवसायानिमित्त कल्याण, ठाणे आणि मुंबईत स्थायिक झाली. अशा परिस्थितीत न्यासाचा एक पदाधिकारी शहरात व दुसरा गावात असणे स्वाभाविक झाले आहे. शहरातील अध्यक्षाकडे संपर्क आणि साधने असतात, गावातील उपाध्यक्षाकडे मंदिराची किल्ली, पुजाऱ्याचे सुखदुःख आणि पावसाळ्यात गळणाऱ्या छपराची माहिती असते. लोकल बोर्डाच्या काळात प्रांताधिकारी आणि स्थानिक उपाध्यक्ष यांच्यात जी विभागणी होती, तिची ही नवी आवृत्तीच म्हणावी लागेल.

रिकाम्या खुर्चीचा दिवस

दुसऱ्या स्थानाची खरी परीक्षा पहिले स्थान अचानक रिकामे होते तेव्हा होते. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मराठी घराण्यातले आणि अहमदाबादला सार्वजनिक जीवनात नावारूपाला आलेले. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. संसदीय प्रथा तेव्हा नुकत्या कोठे रुजत होत्या. उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार यांच्याकडे सभागृहाची धुरा आली आणि ८ मार्च १९५६ रोजी त्यांचीच अध्यक्षपदी निवड झाली. मावळंकरांनी घालून दिलेल्या पायंड्यांचा त्यांना जवळून परिचय होता, म्हणून सभागृहाच्या कामात खंड पडला नाही. याउलट २०१९ ते २०२४ या संपूर्ण मुदतीत सतराव्या लोकसभेला उपाध्यक्षच नव्हता. काम थांबले नाही हे खरे, पण एखादे पद दीर्घकाळ रिकामे राहिले की ते अनावश्यक आहे असे वाटू लागते आणि त्याची गरज कळते ती ते नसताना प्रसंग ओढवला म्हणजे.

लहान संस्थांमध्येही हेच घडते. अध्यक्षांचे वय झालेले असते, त्यांच्याविषयी सर्वांना नितांत आदर असतो आणि त्या आदरापोटीच ‘त्यांच्यानंतर कोण’ हा प्रश्न कोणी उच्चारीत नाही. उपाध्यक्षपद एखाद्या ज्येष्ठाचा मान राखण्यासाठी दिले जाते व त्याला काम दिले जात नाही. मग एके दिवशी पहिली खुर्ची रिकामी होते, आणि दुसऱ्या खुर्चीवरील व्यक्तीला बँकेचे खाते कोठे आहे हेही ठाऊक नसते. मान देणे उचितच आहे, परंतु केवळ मानासाठी दिलेले पद संस्थेला तारीत नाही.

ठाण्याच्या भूमीशी जैन परंपरेने जोडलेली श्रीपाल-मयणासुंदरीची कथा या परिसरातील घराघरांत परिचित आहे. चैत्र आणि आश्विन महिन्यांतील ओळीच्या दिवसांत श्रीपाल राजाचा रास वाचला जातो. या रासाची रचना उपाध्याय विनयविजयजी यांनी रांदेर येथे विक्रम संवत १७३८ मध्ये आरंभिली. रचना पूर्ण होण्यापूर्वीच त्यांचा देहान्त झाला. राहिलेला भाग त्यांचे विद्वान सहकारी उपाध्याय यशोविजयजी यांनी पुरा केला. दोघेही आयुष्यभर उपाध्यायच राहिले. आचार्यपद दोघांपैकी कोणालाही लाभले नाही. आज रास ऐकणारा श्रोता कोठे पहिल्याची लेखणी थांबली आणि कोठे दुसऱ्याची सुरू झाली हे विचारीत नाही. कथा अखंड पुढे जाते.

संस्थेचे कार्यही असेच असते. पहिल्या पिढीने आरंभिलेले, मधेच थांबण्याची वेळ आलेले आणि दुसऱ्या कोणी शांतपणे पुढे नेलेले. सुवर्णमहोत्सवी वर्षात फलकावरील पहिल्या ओळीला वंदन करताना खालची ओळही वाचली जावी आणि आगामी पन्नास वर्षांसाठी त्या ओळीत ज्याचे नाव लिहिले जाईल, त्याला मानाबरोबर कामही लेखी स्वरूपात सोपविले जावे, एवढीच या इतिहासाची शिकवण आहे.